मुलांची शाळा, कंस सर आणि १ जून

नारायणपेठी (१ जून, सकाळी ८:१०)

आज माझा वाढदिवस. म्हणजे दाखल्यावरचा. खरा कार्तिकात असतो, पण बँक, पासपोर्ट आणि पेन्शन यांच्या लेखी मी १ जूनला जन्मलो. शाळेत घालायला आजोबा घेऊन गेले. तारीख त्यांना आठवेना, तेव्हा गुरुजींनी जूनमध्ये वय बरोबर बसेल असं गणित करून ठोकून दिली. आमच्या शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून तिघांना शुभेच्छा चालू आहेत. तिघेही १ जूनवाले.

त्यावरून शाळा आठवली म्हणून हा धागा. नाव लिहीत नाही. पेठेतली, फक्त मुलांची, दगडी जिना असलेली. ओळखणाऱ्यांनी ओळखावी आणि इतरांनी आपापल्या शाळेचं लिहावं. मी १९७५चा, म्हणजे नव्या दहावीची पहिली बॅच. जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच वर्षी बाहेर पडली, त्यामुळे कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत आमच्यापुढे आमच्याच शाळेतली एक वर्षाने मोठी मुलं उभी. तिथेही त्यांनी आम्हाला मागे ढकललं.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते भूमितीचे सर. त्यांना आम्ही 'कंस' म्हणायचो. दोन कारणं. एक, कोणतंही उदाहरण दिलं की पहिलं वाक्य "आधी कंस सोडवा". दुसरं कारण ज्यांनी त्यांच्या हातचं खाल्लं त्यांना सांगायला नको. पण काय शिकवायचे! फळ्यावरचा तो लाकडी कंपास, त्याच्या टोकाला खडू. तो ते वापरायचेच नाहीत. खांद्यातून हात फिरवून एका दमात वर्तुळ काढायचे, मग कंपास लावून आम्हाला दाखवायचे की बघा, कुठे चुकलंय का. मी इंजिनिअर झालो तो त्या वर्तुळामुळे, असं मी आजही लोकांना सांगतो.

येऊ द्या आठवणी.

पावगी_मसाला (१ जून, सकाळी ८:५५)

अहो, दगडी जिना म्हणजे नक्की कुठली? १८८०ची की १८८३ची? पुण्यात हे सांगितल्याशिवाय पुढे वाचणं अवघड जातं.

नारायणपेठी (१ जून, सकाळी ९:०२)

म्हणूनच सांगत नाही.

इतिहासाचा_तास (१ जून, सकाळी ९:४०)

१८८० म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल. जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी सुरू केली, आगरकर मागून आले. त्यातून १८८४ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ला फर्ग्युसन. टिळक स्वतः तिथे शिकवायचे. आमच्या (वेगळ्या) शाळेत याचा एक तोटा झाला. कुणाच्याही दप्तरात शेंगांची टरफलं सापडली की अख्खा वर्ग एका सुरात "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही". एकदा सर शांतपणे म्हणाले, "बरं. टिळक वर्गात थांबतील, बाकीचे मैदानावर जातील." सगळे मैदानावर गेले. टरफलं शिपायाने उचलली.

सदाशिवचा_सदा (१ जून, सकाळी १०:३०)

😀 आमच्याकडे हाच किस्सा बोरांच्या बियांचा आहे.

फाटकाबाहेरची ती बाई आठवते का कुणाला? गोणपाटावर चन्यामन्या बोरं, गाभुळलेल्या चिंचा, कैरीच्या फोडी, आणि तिखटमिठाचा डबा. तिखटमीठ ती बोटाच्या चिमटीने टाकायची आणि दोनदा मागितलं तर म्हणायची, "मिठाचे पैसे वेगळे." घंटा व्हायच्या आधी तिला कळायचं. झाकपाक सुरू झाली की आम्ही पळत सुटायचो.

घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला. शिपाईमामा त्यावर लोखंडी खिळा हाणायचे. तासाला एक, मधल्या सुट्टीला दोन, आणि सुटताना अशी बडवायचे की थांबायचंच विसरायचे.

मॅट्रिक_६५ (१ जून, दुपारी २:१५)

मी तुम्हा सगळ्यांत म्हातारा दिसतोय. मी त्याच दगडी जिन्याचा. शाळा ओळखली, नाव मीही लिहीत नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी आठवीत. शाळा नुकती कुठे रुळावर आलेली. पानशेत फुटलं अशी बोंब आली तेव्हा पहिली पाच मिनिटं आम्हाला आनंदच झाला, कारण घंटा सुटल्यासारखी बडवली. घरी पोचलो तर आई अंथरुणं माळ्यावर टाकत होती. दुपारी खडकवासलाही गेलं. मग नदीकाठच्या पेठांत जे झालं ते पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. आमचा वाडा वाचला, खालच्या दोन खोल्या चिखलाने भरल्या. धरणच गेल्यावर नळाला पाणी कुठलं? पेशव्यांच्या वेळचे हौद आणि वाड्यांतले आड उपसून त्यावर दिवस काढले.

शाळा कधी उघडली ते नेमकं आठवत नाही. पण हॉलमधलं दृश्य डोळ्यांपुढे आहे. हॉलभर सुतळ्या बांधलेल्या, आणि त्यावर जनरल रजिस्टरची पानं वाळत घातलेली, पापड वाळत घालावेत तशी. निळी शाई पसरून ढग झालेली. एक नवे लागलेले सडपातळ सर स्टुलावर बसून एकेक पान उन्हाकडे धरायचे आणि नाव वाचायचे. कारकून दुसऱ्या वहीत उतरवून घ्यायचा. जन्मतारीख वाचता आली नाही की आम्हाला बोलावून विचारायचे. मी माझी सांगितली. शेजारचा म्हणाला, "माहीत नाही सर." सर म्हणाले, "मग १ जून?" तो म्हणाला, "चालेल."

ते सर पुढे भूमिती शिकवायचे.

नारायणपेठी (१ जून, दुपारी २:४०)

काका, अंगावर काटा आला. म्हणजे कंस सरच की!

मॅट्रिक_६५ (१ जून, दुपारी ४:०५)

बहुधा. पण आमच्या वेळी 'कंस' म्हणजे त्यांच्याही आधीचे, धोतर-कोटातले अंकगणिताचे मास्तर. हे सर तेव्हा नुसते 'नवे सर'.

ढोलवाला_९८ (१ जून, संध्याकाळी ७:२०)

थांबा थांबा. मी १९९८चा. आमच्या वेळी कंस होतेच, पण जाडजूड, मिशीवाले, बीजगणिताचे. आणि "कंचेभागुबेव" घोकून घ्यायचे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. म्हणजे नाव माणसाचं नव्हतं तर! गणिताच्या जागेवर जो बसेल तो कंस.

सदाशिवचा_सदा (१ जून, संध्याकाळी ७:३५)

शंकराचार्यांसारखं.

मी_हुजूरपागा (१ जून, रात्री ९:१०)

वाचतेय मजेत. तुमच्या शाळेतली मुलं शनिवारची सकाळची शाळा सुटली की लक्ष्मी रोडवर आमच्या फाटकासमोर सायकलची चेन दुरुस्त करत बसायची. इतक्या चेनी पडणाऱ्या सायकली मी पुढे कधी पाहिल्या नाहीत. आम्हीही तुम्हाला नावं ठेवली होती. सांगणार नाही.

ढोलवाला_९८ (१ जून, रात्री ९:१४)

ताई, सांगाच.

मी_हुजूरपागा (१ जून, रात्री ९:२०)

नाही.

भोसरी_लेथ (२ जून, पहाटे ५:५०)

धागा रात्री वाचला. झोप लागली नाही म्हणून लिहितो. मीही तोच दगडी जिना. दहावी १९८१. तुकडी फ.

नारायणपेठीसाहेब, तुमच्या वर्गात तिघे १ जूनवाले. तुम्ही कुठल्या तुकडीत होता हे विचारायची गरज नाही. आमच्या फ मध्ये हजेरीपटावर एक्केचाळीस पोरं आणि त्यातली एकवीस १ जूनची. काल आमच्याही ग्रुपवर शुभेच्छा होत्या, पण एकेकाला कोण देणार, एकाने 'सर्वांना' असं टाकून विषय संपवला. ज्यांच्या घरी पंचांग बघून तारीख लिहून ठेवणारं कोणी होतं त्यांच्या तारखा खऱ्या. आमचे बाप हमाल, गवंडी, मंडईत गाळ्यावर. माझे वडील तर शाळेच्या आत आले नाहीत कधी, फाटकापर्यंत सोडायचे.

आता तुमच्या कंस सरांबद्दल. आम्हाला नववीत होते. ते वर्तुळ आम्ही पाहिलं नाही. आमच्या वर्गात आले की खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "उघडा पुस्तक, पान अमुक, उतरवून काढा." मी एकदा विचारलं की कोन दुभागताना कंपास दोन्हीकडे तेवढाच का ठेवायचा. उत्तर मिळालं, "तुला रिक्षा चालवायला दुभाजक कशाला लागतो?" वर्ग हसला. मीही हसलो. मग डस्टर बसला, हसलो म्हणून. कानामागे खूण आहे अजून, केस कापताना न्हावी विचारतो.

रिक्षा चालवणं वाईट नाही, माझा भाऊ चालवायचा. पण मी विचारलं होतं ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुमच्या आठवणी खोट्या आहेत असं म्हणत नाही. शाळा एकच असली तरी जिना चढल्यावर तुम्ही डावीकडे वळायचात आणि आम्ही उजवीकडे, संडासाशेजारी.

नारायणपेठी (२ जून, सकाळी ८:३०)

दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. मी अ तुकडीत, पूर्ण संस्कृत. उजवीकडच्या वर्गांत मी पाच वर्षांत एकदाही गेलो नाही, हे आत्ता लक्षात येतंय. संडासाला गेलो असेन तेव्हा नाकाला रुमाल लावून, आणि नजर समोर. क्षमा मागावी असं वाटतं, पण कसली ते नीट सांगता येत नाही.

इतिहासाचा_तास (२ जून, सकाळी ९:१५)

त्या काळात मारणं सगळीकडेच होतं. आपण बिघडलो का? आज हात लावला तर पालक पोलिसात जातात. २०१०पासून कायद्यानेच बंदी आहे.

भोसरी_लेथ (२ जून, सकाळी ९:४०)

बिघडलो नाही. पण 'आपण' म्हणू नका. छडी तुम्हाला गृहपाठ राहिला म्हणून बसायची आणि आम्हाला आम्ही होतो म्हणून.

ढोलवाला_९८ (२ जून, सकाळी १०:००)

+१. आमच्या वेळेपर्यंत हे थोडं कमी झालं होतं. फ तुकडी मात्र तशीच, संडासाशेजारी.

सदाशिवचा_सदा (२ जून, सकाळी ११:२०)

विषय जड झाला, पण व्हायलाच हवा होता. मी क मध्ये होतो, म्हणजे कुणाच्याच खिजगणतीत नाही. आमच्यावर कोणी चिडायचं नाही आणि कौतुकही नाही. मला एकाही शिक्षकाने नावाने हाक मारलेली आठवत नाही. हजेरीचा क्रमांक तेवीस. कंडक्टर "तेवीस" म्हणाला तरी मी "हजर" म्हणतो.

बाई (२ जून, रात्री १०:४५)

नमस्कार. माझ्या नातीने हा धागा वाचून दाखवला, टायपिंगही तीच करतेय. मी तुमच्या शाळेची विद्यार्थिनी नव्हे, मी तिथे शिकवलं. १९७९च्या जूनमध्ये रुजू झाले. त्या शाळेत मुलांना शिकवणारी मी पहिली बाई. माझ्यासाठी शिक्षक-खोलीत पडदा लावून एक कोपरा केला होता, त्यात एक मोडकी खुर्ची आणि नकाशांच्या गुंडाळ्या. डबा खायची ती जागा. पहिला महिनाभर हजेरी घेताना प्रत्येक मुलगा "हजर सर" म्हणायचा. मग जीभ चावायचा. मग वर्ग हसायचा. हजेरीतच दहा मिनिटं जायची.

तुकड्या कशा पडायच्या ते सांगते. गुणांवर, असं फलकावर लिहिलेलं असायचं. ते खरंच होतं, पण पाचवीत आलेल्या मुलाचे चौथीचे गुण म्हणजे काय? ज्याच्या घरी कंदील नाही आणि शिकवणी नाही त्याचे ते गुण. जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आधी शिक्षकांत भांडणं व्हायची. फ नको म्हणून. नव्या माणसाला द्या, असा रिवाज. मी नवी, त्यात बाई. पहिल्या वर्षी नववी क आणि ड दिली, दुसऱ्या वर्षी दहावी फची भूमिती माझ्या गळ्यात आली.

ज्या सरांबद्दल तुम्ही लिहिताय ते शेजारच्या टेबलावर बसायचे. त्यांच्यासारखं वर्तुळ मी कुणाला काढताना पाहिलं नाही, हे खरं. रजिस्टरची पानं त्यांनीच वाळवली असं जुने लोक सांगायचे. मी तेव्हा त्या शाळेत नव्हते, म्हणून ठामपणे म्हणणार नाही. फ दिल्यावर मी त्यांना विचारलं, कसं शिकवू. ते म्हणाले, "शिकवू नका. तीन प्रमेयं पाठ करून घ्या. पस्तीस पडतात." मला राग आला. घरी जाऊन यजमानांना सांगितलं, असं कुणी शिक्षक बोलतो का.

आणि मग मी तेच केलं. दिवाळीपर्यंत झगडले, कागद कापून त्रिकोण दाखवले, सुतळ्या आणल्या. चाचणीत चौघेच पास झाले. मुख्याध्यापकांनी निकालाचा तक्ता पुढे ठेवला. जानेवारीपासून तीन प्रमेयं. रोज एकाला उभं करायचं, म्हणून घ्यायचं. मार्चमध्ये बरेच पास झाले. माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी दिवाळीपर्यंत थांबलेही नाही, जूनपासूनच सुरू केलं.

कानामागची खूण माझी नाही. पण "दुभागताना तेवढाच का" हे मलाही कुणी विचारलं असतं तर जानेवारीनंतर मी सांगितलं नसतं. वेळ नव्हता.

भोसरी_लेथ (३ जून, पहाटे ५:३५)

बाई!

मी खिडकीकडचा तिसरा बाक. तुम्ही सुतळीला गाठी मारून आणली होती ना? बारा गाठी. तीन, चार, पाच करून जमिनीवर ताणली आणि मला कोपरा धरायला सांगितलं होतं. मी धरला होता. तुम्ही म्हणालात, "बघ, गुण्या न लावता काटकोन आला."

चाचणीत मी नापासच झालो, त्या चौघांत नव्हतो. पण २००३मध्ये शेड बांधली तेव्हा पाया आखायला गवंड्याने टेप काढला आणि तीन फूट, चार फूट, पाच फूट धरायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, मोठं धर, सहा-आठ-दहा धर, चूक कमी पडते. तो म्हणाला, शेठ, तुम्हाला कुणी शिकवलं. मी म्हटलं, शाळेत.

आणि ते तेवढाच का ठेवायचा याचं उत्तर मला माझ्या मामाने लेथवर दिलं. त्यांनी सांगितलं, दोन्हीकडे तेवढंच ठेवलं की दोन त्रिकोण तंतोतंत सारखे होतात, सारख्या त्रिकोणांचे कोन सारखे. दोन मिनिटं लागली. मामा सातवी शिकलेले.

तीन प्रमेयं अजून पाठ आहेत. झोपेत उठवलं तरी म्हणेन.

नारायणपेठी (३ जून, सकाळी ८:००)

मला एक विचारायचंय. मी कधीपासून सांगतोय की त्या वर्तुळामुळे इंजिनिअर झालो. आत्ता वाचताना लक्षात आलं की कोन दुभागताना कंपास तेवढाच का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. सरांनी सांगितलं आणि मी केलं. पैकीच्या पैकी पडले. लेथसाहेब, पुढच्या रविवारी आमच्या बॅचची काही मंडळी शाळेच्या पटांगणावर जमतोय. याल का? तुकडी वगैरे काही नाही.

भोसरी_लेथ (३ जून, सकाळी ८:२५)

रविवारी लाईट असते, वर्कशॉप चालू ठेवावं लागतं. गुरुवारी आमच्याकडे बंद. बघतो. बाई येणार असतील तर येतो, गाडी पाठवतो त्यांच्यासाठी.

मी_हुजूरपागा (३ जून, सकाळी ९:००)

रविवारी आम्ही यायचं का? चेन दुरुस्त करून ठेवा.

ढोलवाला_९८ (३ जून, सकाळी ९:१०)

तीन प्रमेयं कोणती ते तरी सांगा. आमच्या वेळी पाच होती.

बाई (३ जून, संध्याकाळी ६:३०)

गुडघे दुखतात, पण जिना चढायचा नसेल तर येईन.

प्रमेयं सांगते. एक, पायथागोरस. दोन, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात. तीन, बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात.

भोसरी_लेथ (३ जून, संध्याकाळी ७:०५)

बाई, तिसरं ते नव्हतं. तिसरं होतं, वर्तुळाची स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते. स्पर्शिकाखंडाचं तुम्ही पुढच्या वर्षीच्या पोरांना दिलं असेल. आम्हाला नाही.